तीन यंत्रे आणि एक करंगळी

१६ नोव्हेंबर १९५३, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी खोलीत बोलावले तेव्हा वाटले, झाले, हस्तकलेचा वर्ग बंद. गेली तीन वर्षे हे गृहस्थ दर जूनला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात आणि मी तात्पुरता मास्तर तात्पुरताच राहतो. पण आज त्यांनी चक्क बसायला सांगितले. वर्गासाठी फ्रेटचे, म्हणजे लाकडात जाळीची नक्षी कापायचे, यंत्र घ्यायला मंजुरी मिळाली आहे. मुले हातातल्या कमानीच्या करवतीने प्लायवूड कापतात, ती आता पायाने चालणाऱ्या यंत्रावर कापतील.

तीन यंत्रे बघायची आहेत. एक ठाण्यातल्याच एका ओतकामाच्या कारखान्याने नमुन्यादाखल शाळेत आणून ठेवले आहे. दुसरे कल्याणला सहदेवशेठच्या दुकानात, तिसरे डोंबिवलीला एका बाईंकडे, त्याही ते विकायला तयार आहेत. चालवायला सोपे कोणते आणि पाते बदलायला सोपे कोणते, याचा अहवाल मी लिहायचा. यंत्र आले की वर्ग पक्का, वर्ग पक्का झाला की मी कायम. तेवढा सरकारी डॉक्टरांचा प्रकृतीचा दाखला जानेवारीत द्यावा लागेल. “तो काय, चौबळ मास्तर, तुम्हाला कसली धाड भरली आहे!” म्हणून साहेब हसलेसुद्धा.

पाते बदलण्याचे एवढे काय, हे त्यांना कळेना. मी सांगितले, जाळी म्हणजे नुसती भोके. करवत बाहेरून आत शिरत नाही. प्रत्येक भोकासाठी पात्याचे वरचे टोक सोडवायचे, भोकातून ओवायचे, परत चिमट्यात आवळायचे. माझ्या मोराच्या जाळीत बावीस भोके आहेत. म्हणजे बावीस वेळा सोडा आणि बावीस वेळा आवळा. शिवाय पाती तुटतात ती वेगळीच.

आणि पात्याचे दात खाली तोंड करून हवेत. दात इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. कोपरीचे गुणाजीबाबा, ज्यांच्या पडवीत मी शाळा बुडवून हे काम शिकलो, ते म्हणायचे, कामाची बोटे राठ होतात, त्यांना काही विचारू नये. करंगळी कधी काम करत नाही, तिची कातडी बाळाची राहते, तिला विचारावे. पाते करंगळीवरून ओढायचे. एका बाजूने रेशीम, दुसऱ्या बाजूने काटा. पंचवीस वर्षे मी पात्याकडे पाहिलेले नाही, करंगळीला विचारून लावतो. सबंध ठाण्यात असा हात दुसरा नाही, हे या वहीत लिहायला कोणाची भीती?

वासंतीला बातमी सांगितली तर नुसते “बरं” म्हणाली. नरकचतुर्दशीला उटणे लावताना तिला माझ्या उजव्या कोपराजवळ फिकट चट्टा दिसला, तेव्हापासून बाईसाहेब गप्पच आहेत. “इथे कढत लागत नाही का हो?” असे दोनदा विचारत होती. मी म्हटले, शिबे उठले असेल, त्यात काय! डॉक्टरकडे चला म्हणाली तेव्हा मात्र मी तांब्या आपटला. सणासुदीला हे काय?

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ठाण्याचे यंत्र वापरून पाहिले. बिडाचे, म्हशीएवढे जड. पॅडल सुरुवातीला कुरकुरते, मग ठीक चालते. पाते आवळायला एक हातभर लांब लोखंडी चावी दिली आहे. ती वरच्या चिमट्याला लावायची आणि अख्ख्या मुठीने फिरवायची. हे मला फार आवडले. बोटांची नाजूक कसरत नाही, मुठीचा जोर चालतो. एका भोकाला तीन मिनिटे लागतात हे खरे. सातवीच्या मुलांचा हात वरच्या चिमट्यापर्यंत पोचत नाही, पण मुले काय, वाढतातच.

पाती मात्र पाच तुटली. लाकडात शिरताच फळी उडते आणि पाते कटकन मोडते. आमची पाती सहदेवशेठकडून येतात. लढाईनंतर जगात धड काही मिळत नाही म्हणतात ते खरे आहे. करंगळीवरून ओढले तर दोन्ही बाजूंनी रेशीमच लागते, दातच नाहीत मेल्यांना!

२२ नोव्हेंबर, रविवार

कल्याणला जाऊन आलो. सहदेवशेठ भला माणूस आहे, दुकान उघडण्याआधी पोहे खायला घातले. त्याचे यंत्र जुने विलायती, दिसायला देखणे, पॅडल लोण्यासारखे. भुसा उडवायला लहानशी फुंकणीसुद्धा आहे. पण पाते आवळायला पंखांचा छोटा नट. तो अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत धरून फिरवायचा. माझ्या चिमटीतून तो तीनदा निसटला. नट गुळगुळीत झाला आहे, असे मी म्हणालो.

“कालच नवा बसवलाय, मास्तर,” सहदेवशेठ म्हणाला आणि त्याने एका हाताने तो गरकन फिरवून दाखवला. दुकानदारांना आपला माल दाखवताना असली हातचलाखी येतेच.

इथेही चार पाती मोडली. पाते बसवले की ते तारेसारखे छेडून बघायचे असते, बरोबर ताणले असेल तर टण्ण वाजते. माझी पाती थड् थड् वाजत होती. म्हणजे नट आवळतच नाही, दुसरे काय? सहदेवशेठ माझ्या हाताकडे बघत होता. मला लोकांनी काम करताना टक लावलेली आवडत नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वासंतीने शुभदाचे अंथरूण आतल्या खोलीत नेले. सात वर्षांची पोर, रोज माझ्या कुशीत झोपते, तिला आता आईजवळ का झोपायचे? विचारले तर “थंडी पडायला लागलीय” म्हणते. ठाण्यात कसली आली आहे थंडी! माझी शेवटची दोन बोटे सकाळी आखडतात हे खरे, पण ते पॅडलच्या हादऱ्यांनी. आणि माझा चहाचा कप वेगळ्या फळीवर, कान तुटलेला. म्हणजे नवऱ्याची किंमत किती ते कळले.

२९ नोव्हेंबर, रविवार

डोंबिवली. स्टेशनपासून वीस मिनिटे शेताच्या बांधावरून चालल्यावर सरोजबाईंचे घर. नवरा रेल्वेच्या कारखान्यात. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने त्याला हे यंत्र भेट दिले आणि नवऱ्याऐवजी बायकोच ते शिकली. लग्नातल्या रुखवतासाठी मोर, पालख्या, कलश कापून देते. डोंबिवली-कल्याणच्या निम्म्या मुली म्हणे हिचेच मोर ‘मी केले’ म्हणून मांडतात.

यंत्र लहान आहे, हलके आहे. पाते बदलायला वर एक पितळी चाप. चिमटीने दाबला की उघडतो, सोडला की पाते धरतो. सरोजबाई मला शेजारच्या लग्नातली गंमत सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांनी सहा भोके ओवली. चाप दाब, ओव, सोड. मी घड्याळ काढून बघेपर्यंत सहावे झाले होते.

मग मी बसलो. चाप दाबेना. पुन्हा दाबला. अंगठा वाकडा होतो आणि जोर कुठे तरी गळून जातो. मी दोन्ही हातांनी दाबला तेव्हा उघडला, पण मग पाते धरायला हात कुठून आणू?

“असं जोरात नाही मास्तर, हलकेच दाबा,” त्या म्हणाल्या.

“स्प्रिंग फार कडक आहे.”

“माझी धाकटी पाच वर्षांची आहे, ती दाबते.”

बायकांची बोटे बारीक असतात, लहान मुलींची त्याहून. हे यंत्र बायकांसाठीच केलेले असणार. तसे मी बोललोही.  त्यांनी चहा आणला आणि कप माझ्या हातात न देता शेजारी ठेवला. “गरम आहे हं,” म्हणाल्या. मी उचलून प्यालो. येताना बांधावर पाहिले तर पहिल्या बोटावर टपोरा फोड आलेला होता. तो केव्हा आला?

२ डिसेंबर, बुधवार

घरी हातकरवतीने मोर पुरा करत होतो. शुभदा शेजारी बसून गाणे म्हणत होती, ती एकदम थांबली. “बाबा, मोर लाल होतोय.”

फळीवर रक्त होते. करंगळी बाजूने चांगलीच चिरलेली. मी काही तरी हसण्यावारी नेले. वासंती हळदीची पूड घेऊन आली, बोट बांधले आणि बांधताना ढसाढसा रडली. एवढ्याशा चिरेला! मी चिडलो. चिडायला नको होते. मला अलीकडे फार लवकर राग येतो आणि तो कशाचा ते कळत नाही.

५ डिसेंबर, शनिवार

अहवाल दिला. चार पाने झाली. सार असे: यंत्र क्रमांक दोनचा नट सदोष. यंत्र क्रमांक तीनचा चाप पुरुषाच्या हाताला अयोग्य. यंत्र क्रमांक एकची चावी सर्वांत खात्रीची, म्हणून तेच घ्यावे. शेवटी वेगळे कलम: सहदेवशेठने पुरवलेली पाती बिनदाती, बनावट आहेत, त्याच्याकडून शाळेने यापुढे काही घेऊ नये.

हेडमास्तर खूश. म्हणाले, दुसऱ्या दोन शाळांचे हेडमास्तरही त्याच्याकडूनच माल घेतात, त्यांनाही कळवतो. मी म्हटले, अवश्य कळवा.

१२ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटताना सहदेवशेठ फाटकाशी उभा. काळी टोपी, हातात पात्यांचा पुडा. तीन शाळांनी त्याचा माल बंद केला आहे.

“मास्तर, मी भांडायला नाही आलो. माझ्यासमोर एक पातं लावून दाखवा. मोडलं तर दुकानाची पाटी उतरवतो.”

मुले बघत होती. दोन शिक्षक थांबले होते. मी म्हणालो, मला तुझ्यासमोर परीक्षा द्यायची गरज नाही, पंचवीस वर्षे हे काम करतो आहे. आवाज चढला माझा. चोर म्हणालो का? बहुतेक म्हणालो.

त्याने हातातला पुडा माझ्या पिशवीत ठेवला. “घरी लावून बघा. उजेडात. बोटानं नको, डोळ्यानं बघा,” म्हणाला आणि स्टेशनच्या पुलाकडे चालू लागला.

त्याने असे का म्हणावे?

१३ डिसेंबर, रविवार

आज जे झाले ते क्रमाने लिहितो, नाही तर उद्या मी स्वतःलाच फसवीन.

सकाळी पुडा घेऊन गुणाजीबाबांकडे गेलो. कोपरीत आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. म्हातारा पडवीत बसलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा, माणूस आला की सावलीसारखा दिसतो म्हणतात. सून वाडीत गेली होती. मी म्हटले, बाबा, ही पाती बघा, दात आहेत का.

त्यांनी एक पाते करंगळीवरून ओढले आणि हसले. “मगरीसारे दात हायत रं.”

मग मी माझी मोडकी पाती दिली. तुटलेली असली तरी वरच्या चिमट्यात सारखे आवळलेले टोक कोणते ते बोटाला कळते म्हणे. एकेक चाचपून त्यांनी बाजूला ठेवली. सगळी चाचपली.

“बाल, सगली उलटी लावलीस.”

दात वर झाले की फळी उडते आणि पाते मोडते, हे मीच पोरांना सांगतो. मी म्हटले, शक्य नाही. तुम्ही शिकवल्याप्रमाणे करंगळीला विचारून लावली.

त्यांनी मघाचे नवे पाते पुन्हा उचलले. मग म्हणाले, “तुजा हात दे. आनि तिकरं बग, वाडीकरं.”

मी उजवा हात दिला. वाडीकडे पाहत राहिलो. केळीला घड लागला होता, तो मोजत होतो. पाते ओढण्याची वाट बघत होतो. खूप वेळ झाला. मी म्हटले, “ओढा ना बाबा.”

“कवाच वढला.”

मी वळून पाहिले. करंगळीवर, त्या दिवशीच्या चिरेच्या वर, दुसरी चीर. रक्त पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर गळत होते. म्हाताऱ्याला ते दिसत नव्हते. त्यांनी माझी करंगळी आपल्या दोन बोटांत धरली होती, आणि ती धरली आहे हेही मला दिसले तेव्हा कळले.

“माजे डोले गेले,” ते म्हणाले, “तुजी बोटां गेली.” आणि माझ्या कोपराच्या आतून हात फिरवत एक जागा दाबली. तिथे दोरीसारखी जाड शीर आहे, मला ठाऊक नव्हते. ते हात सोडतील असे वाटले. सोडला नाही.

घरी आलो तर वासंतीने रक्त पाहिले, माझे तोंड पाहिले, आणि हळदीचा डबा काढला.

१४ डिसेंबर, सोमवार

सहदेवचे पाते उजेडात धरून लावले. टण्ण वाजले. बावीस भोके कापली. एकही मोडले नाही.

१७ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत. डोळे मिटायला लावले. कापसाने स्पर्श करतो तिथे बोट ठेवा, म्हणाले. मी बरोबर ठेवत होतो असे मला वाटत होते. डोळे उघडल्यावर त्यांनी सांगितले, तेरा वेळा स्पर्श केला, तुम्ही चार वेळा बोट ठेवलेत. मग कढत आणि गार पाण्याच्या दोन नळ्या. दोन्ही सारख्याच. चट्ट्यावर टाचणी टोचली. ती मी पाहिली, टोचल्याचे कळले नाही.

रोगाचे नाव सांगितले. ते नाव इथे लिहायला तीन वेळा टाक उचलला. महारोग. लिहिले. आता वहीसुद्धा कोणाला दाखवता यायची नाही.

डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या निघाल्या आहेत, दोन-तीन वर्षे न चुकता घ्या, रोग थांबेल. तुमच्या प्रकारात घरच्यांना लागण्याची भीती फार थोडी. मी विचारले, बोटे? त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. “गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगणार नाही. आहे तेवढी राखू.”

दाखल्याचे विचारले. शाळेत मुलांत राहायचे, आता तसा दाखला मला देता येणार नाही, म्हणाले. त्यांचा दोष नाही.

मला आता कळते आहे की कोणाचाच दोष नव्हता. नटाचा नाही, चापाचा नाही, पात्याचा नाही. किती छान होते ते दिवस, जेव्हा सगळी यंत्रे वाईट होती!

२० डिसेंबर, रविवार

वासंतीशी बोललो. शुभदा खेळायला गेली होती.

“तुला कधी कळलं?”

“दिवाळीत. चुकून विसण न घालता कढत पाणी ओतलं मी तुमच्या कोपरावर. तुम्ही शुभदाशी हसत बोलत होतात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“डॉक्टरकडे चला म्हटलं तर तांब्या आपटलात. आणि खरं सांगू का, मलाही ऐकायचं नव्हतं. कप वेगळा केला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली हो मला. पण पोरीचं काय करू? तुम्हीच सांगा, पोरीचं काय करू?”

 डॉक्टर काही म्हणोत, चाळीत कळले तर उद्या त्या पोरीला नळावरसुद्धा कोणी उभे करणार नाही. वासंतीने भावाला आधीच निरोप धाडला होता; संध्याकाळी तो येऊन पोरीला कल्याणला घेऊन गेला. तिला ‘परीक्षेपर्यंत’ असे सांगितले. तिने मोर बरोबर न्यायचा हट्ट धरला. रक्ताचा डाग पॉलिशखाली दिसत नाही, तरी मी तो दिला नाही. पोर रडत गेली. मी उंबऱ्याच्या आत उभा राहून उजवा हात मागे धरून डावा हलवला.

वासंती गेली नाही. मी जा म्हटले होते. “माझ्या हाताला सगळं कळतंय ना अजून? मग तुमचं पाणी मीच बघणार,” एवढेच म्हणाली.

२८ डिसेंबर, सोमवार

काहीही करावेसे वाटत नाही. करंगळीकडे बघत बसतो. पंचवीस वर्षे जिला विचारून चाललो तीच खोटे बोलायला लागली, आणि मी तिच्या भरवशावर एका माणसाला चोर म्हणालो. पुलावरून येताना खालून जाणाऱ्या मालगाडीकडे फार वेळ पाहिले. हे वासंतीला सांगणार नाही.

४ जानेवारी १९५४, सोमवार

हेडमास्तर म्हणाले, ठाण्याचे यंत्र घ्यायचे ठरले, पंधरा तारखेपर्यंत दाखला आणा. बोट बांधलेले पाहून म्हणाले, “काय, करवतीचा प्रसाद का?” मी हसलो.

एक डॉक्टर ओळखीचा आहे, बाही खाली असली तर तो कोपर बघणार नाही. दाखला देईल. मी कायम होईन. पाती डोळ्याने बघून लावीन. रोग गोळ्यांनी थांबेलही. कोणाला काय कळणार? आठ दिवस हाच विचार करतो आहे आणि प्रत्येक वेळी तो जमतोच. फक्त एक माणूस कल्याणला दुकानात बसला आहे आणि तीन शाळा त्याला बनावट मालवाला म्हणतात. आणि सातवीची मुले टाचा उंच करून ती चावी फिरवत राहतील, कारण चौबळ मास्तरांच्या चिमटीत जोर नव्हता.

१२ जानेवारी, मंगळवार

दुसरा अहवाल लिहिला. चार ओळींचा. इथे उतरवून ठेवतो.

‘माझा पाच डिसेंबरचा अहवाल रद्द समजावा. पाते बदलायला क्रमांक दोन आणि क्रमांक तीन ही यंत्रे सोपी आहेत. त्यांत क्रमांक तीन सर्वांत सोपे, लहान मुलांनाही जमेल असे, तेच घ्यावे आणि शिकवायला डोंबिवलीच्या सरोजबाईंना विचारावे. सहदेवशेठची पाती उत्तम आहेत; ती मी उलटी लावत होतो, कारण माझ्या उजव्या हाताची जाणीव रोगाने गेली आहे, डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे.’

हेडमास्तरांनी वाचला. त्यांनी खुर्ची मागे घेतली. मुद्दाम घेतली नाही, आपोआप गेली. मग त्यांना स्वतःलाच वाईट वाटले असावे, कारण ती त्यांनी पुन्हा थोडी पुढे ओढली. दुसऱ्या दोन हेडमास्तरांना आजच चिठ्ठी पाठवतो, म्हणाले. उद्यापासून येऊ नका, हे म्हणायला त्यांना फार वेळ लागला. मीच म्हटले, येत नाही.

वर्गातली माझी कमान मी भिंतीवरच ठेवून आलो.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

शाळेतली बातमी पूल ओलांडून चाळीत यायला दीड दिवस लागला. दर संक्रांतीला माझ्याकडे पोरांची रांग लागते, मी प्रत्येकाला तिळगुळाबरोबर लाकडाचा छोटा पतंग देतो. यंदाचे पतंग दिवाळीआधीच कापून ठेवले होते. दुपारपर्यंत पोरे आमच्या दारावरून पळत पलीकडच्या दारात गेली. एका पोराला त्याच्या आईने दंड धरून ओढले. वासंती डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

चारच्या सुमारास सहदेवशेठ आला. काळी टोपी, नवे धोतर. उंबऱ्यात थांबला नाही, आत येऊन खाटेवर माझ्या शेजारी बसला.  मी माफी मागायला तोंड उघडले तर म्हणाला, “मास्तर, आज गोड बोलायचा दिवस आहे, नको ते.” खिशातून रुमाल काढला, त्यात तिळगुळाचे लाडू. मी डावा हात पुढे केला.

“तिळगूळ डाव्या हातात घेतात होय? उजवा द्या.”

मी दिला. त्याने लाडू तळहातावर ठेवला आणि वर आपला पंजा क्षणभर ठेवला. ठेवलेला मी पाहिला.

तो लाडू मी खाल्ला नाही. मनात आले, हा शुभदासाठी ठेवावा, रविवारी मामाबरोबर पाठवावा. बाहेरच्या माणसाने माझ्या हातावर ठेवलेला हा एवढाच. मूठ घट्ट मिटली आणि सहदेवशेठला सोडायला स्टेशनपर्यंत चालत गेलो. तो सरोजबाईंचे सांगत होता, त्या सोमवारपासून शाळेत जाणार म्हणे. यंत्राचे सांगत होता. मी मूठ घट्ट धरून सगळे ऐकले. गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो आणि तसाच घरी आलो.

वासंतीला म्हटले, छोटा डबा दे, हा पोरीसाठी ठेवायचा आहे. मूठ उघडली. रिकामी होती.

वासंती म्हणाली, “अहो, घरात डबाभर पडलाय.” मी म्हटले, तो नको. चपला घातल्या आणि आल्या वाटेने खाली बघत स्टेशनपर्यंत गेलो, पुलाच्या पायऱ्या एकेक करून बघितल्या, फलाटावर जिथे उभा होतो तिथेही बघितले. मागून वासंती येत होती, तीही बघत होती. अंधार पडू लागला तशी तिने माझा उजवा हात धरला असावा, कारण मला ती ओढत होती.

लाडू सापडला नाही.